कर्जाच्या ढिगाऱ्याला खोली म्हणू नका!

देशाची वित्तव्यवस्था किती खोल आहे हे सांगताना दिल्ली आणि मुंबईतले जाणते लोक दोन आकडे पुढे करतात. बँकांनी खासगी क्षेत्राला दिलेले कर्ज जीडीपीच्या किती टक्के, हा पहिला. शेअर बाजारातल्या कंपन्यांचे बाजारमूल्य जीडीपीच्या किती टक्के, हा दुसरा. पहिला आकडा वर्षानुवर्षे पन्नाशीच्या आसपास घुटमळतो म्हणून अर्थतज्ज्ञ उसासे टाकतात. दुसरा शंभराच्या पार गेला म्हणून सत्ताधारी स्वतःची पाठ थोपटून घेतात. आम्ही सांगतो, हे उसासेही पोकळ आहेत आणि ही शाबासकीही पोकळ आहे. या दोन आकड्यांच्या आड एक भयंकर सत्य गेली तीस वर्षे दडवले गेले आहे. ते दडवणाऱ्यांना आता जाब विचारलाच पाहिजे.

सत्य असे आहे. १९९१ साली खासगी क्षेत्राला मिळालेले कर्ज जीडीपीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके होते. २०१८ साली ते जीडीपीच्या निम्म्यावर गेले. म्हणजे या मोजपट्टीप्रमाणे भारताची वित्तीय खोली दुप्पट झाली. आता त्याच काळातले दुसरे मोजमाप पाहा. ग्रामीण कुटुंबांच्या डोक्यावर जे कर्ज असते, त्यातले किती बँका, सोसायट्या आणि सरकारी संस्थांचे आणि किती सावकार, व्यापारी, सोयऱ्याधायऱ्यांचे, याची पाहणी सरकार स्वतः करते. १९९१ साली त्यातला संस्थांचा हिस्सा ६४ टक्के होता. २००२ साली तो ५७ वर घसरला, २०१२ साली ५६ वर आला आणि २०१८ साली कसाबसा ६६ वर पोहोचला. सत्तावीस वर्षे गेली, मोजपट्टीवरचा आकडा दुप्पट झाला आणि खेड्यातल्या घराच्या पदरात पडले दोन टक्के! देशात कर्ज दुपटीने वाढत असताना गावात सावकार वीस वर्षे पुढे सरकत होता आणि राजधानीतले पंडित ‘वित्तीय खोलीकरण’ या शब्दाचा जप करत होते.

या मोजमापाचा जन्म कपटातून झालेला नाही, हे मात्र न्यायाने सांगितले पाहिजे. रेमंड गोल्डस्मिथ या अर्थतज्ज्ञाने १९६९ साली ३५ देशांचे, १८६० ते १९६३ या शतकभराचे आकडे खणून काढले. देशाचे उत्पन्न वाढते तसतशी वित्तसंस्थांची मालमत्ता त्या उत्पन्नाच्या तुलनेत अधिक वाढते, असे त्याला दिसले. पण वित्त वाढल्यामुळे देश समृद्ध होतो की समृद्ध झाल्यामुळे वित्त वाढते, याचा निवाडा आपल्या आकड्यांवरून होत नाही, हेही त्याने प्रांजळपणे मांडले. याच गोल्डस्मिथने पुढे भारताच्या १८६० ते १९७७ या काळातल्या वित्तीय विकासावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९९३ साली रॉबर्ट किंग आणि रॉस लेव्हिन यांनी ८० देशांचे १९६० ते १९८९ या काळातले आकडे तपासले आणि ज्या देशात आरंभी वित्तीय खोली जास्त, तिथे पुढची वाढ जास्त, असा निष्कर्ष मांडला. तिथून ही मोजपट्टी जगभरच्या अर्थखात्यांच्या हाती आली.

त्याच विद्याशाखेतल्या इतर अभ्यासकांनी वेळोवेळी दिलेले इशारे मात्र कोणी कानावर घेतले नाहीत. रघुराम राजन आणि लुईजी झिंगालेस यांनी २००३ साली दाखवून दिले की, कित्येक देशांचे वित्तबाजार १९८० पेक्षा १९१३ साली अधिक विकसित होते. ज्यांचे हितसंबंध बसलेले असतात ते सोयीनुसार दारे उघडतात आणि बंद करतात, म्हणून ही खोली एकदा आली की कायमची राहते असे नव्हे. आर्काँ, बेर्केस आणि पानिझ्झा या तिघांनी तर खासगी कर्ज जीडीपीच्या शंभर टक्क्यांच्या आसपास गेले की ते वाढीला मारक ठरू लागते, असे दाखवले. आइसलँडच्या तीन मोठ्या बँकांची मालमत्ता त्या देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या कित्येक पट झाली होती. मोजपट्टीनुसार तो देश खोलीत जगात अग्रगण्य होता. २००८ च्या ऑक्टोबरात आठवडाभरात तिन्ही बँका कोसळल्या. जागतिक बँकेने स्वतः वित्तव्यवस्थेच्या चार बाजू मोजायला सांगितल्या आहेत: खोली, पोहोच, कार्यक्षमता आणि स्थैर्य. आमच्या राज्यकर्त्यांनी त्यातली पहिली उचलली, कारण ती मुंबईतल्या वातानुकूलित दालनात बसून मोजता येते. पोहोच मोजायची तर चिखल तुडवत जावे लागते.

आणि ती पहिली बाजू तरी सरळ मोजली जाते काय? हा आकडा म्हणजे एक भागाकार आहे. वर कर्ज, खाली देशाचे उत्पन्न. खालची संख्या आकसली तरी भागाकार फुगतो. २०२०-२१ मध्ये टाळेबंदीने कारखाने बंद पडले, मजूर पायी गावाकडे निघाले, देशाचे उत्पन्न घटले. आणि त्याच वर्षी कर्जाचे जीडीपीशी प्रमाण वर चढले! लाखोंची रोजीरोटी गेली ते वर्ष या मोजपट्टीवर प्रगतीचे वर्ष म्हणून नोंदले गेले. २०१६ च्या नोटाबंदीचेही तेच. चलनातल्या ८६ टक्के मूल्याच्या नोटा एका रात्रीत बाद केल्या, लोकांनी घरातली रोकड नाइलाजाने बँकेत नेऊन भरली आणि ठेवी फुगल्याचा डंका वाजला. त्याच दिवसांत, १४ नोव्हेंबरला, रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई केली. महाराष्ट्रातल्या लाखो शेतकऱ्यांची खाती याच बँकांत होती. रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर गावाची बँक कुलूपबंद आणि आकड्यांत मात्र देशाची वित्तीय खोली वाढलेली! कर्जाचे ढीग आणि ठेवींचे ढीग मोजून देशाचे भले मोजता येत नाही, याला आणखी कोणता पुरावा हवा?

मग मोजायचे कसे? याचे उत्तर परदेशातून आणण्याची गरज नाही. ते आमच्याच कपाटात सत्तर वर्षांपासून पडून आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी चालून गेले. त्यांनी सावकारांच्या घरातून गहाणखते आणि कर्जरोखे बाहेर ओढले आणि त्यांची होळी केली. इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. या सगळ्याचे पन्नास वर्षांत काय झाले, याचा हिशेब स्वतंत्र भारताने मागितला. रिझर्व्ह बँकेने गोरवाला समिती नेमली. तीत आमचे धनंजयराव गाडगीळ होते, वेंकटप्पय्या होते. या समितीने कर्जाला उत्पन्नाने भागून अहवाल लिहिला नाही. तिने १९५१-५२ मध्ये ७५ जिल्ह्यांतली ६०० गावे निवडली आणि १,२७,३४३ कुटुंबांच्या दारात माणसे पाठवली. तुम्ही कर्ज कोणाकडून घेता? कशासाठी घेता? काय गहाण ठेवता? उत्तर आले ते हादरवून टाकणारे होते. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्का. पेशेवर आणि शेतकरी सावकार मिळून सुमारे ७० टक्के.

याला म्हणतात मोजमाप! त्या पाहणीने सरकारला तोंड लपवायला जागा ठेवली नाही. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९६९ साली गाडगीळांच्याच अभ्यासगटाने क्षेत्रवार पतपुरवठ्याची कल्पना मांडली आणि तीतून अग्रणी बँक योजना आली. त्याच वर्षी १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा देशात बँकांच्या शाखा होत्या ८,२६२. १९७७ साली रिझर्व्ह बँकेने नियम केला: जिथे आधीच बँक आहे अशा ठिकाणी एक शाखा उघडायची असेल, तर जिथे एकही बँक नाही अशा चार ठिकाणी आधी शाखा उघडा. १९९० पर्यंत ३० हजारांवर खेड्यांत पहिल्यांदा बँक आली. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी पुढे तपासून दाखवले की, या शाखांनी ग्रामीण दारिद्र्य कमी केले. त्यातली काही कर्जे बुडाली, कर्जमेळाव्यांत पुढाऱ्यांनी हात धुऊन घेतले, हे आम्ही नाकारत नाही. पण मूळ आकडा पाहा. ग्रामीण कुटुंबांच्या कर्जातला संस्थांचा वाटा १९५१ साली ७ टक्के होता, १९८१ साली ६१ टक्के झाला. तीस वर्षांत चोपन्न टक्क्यांची मजल! ज्या काळाला आजचे पंडित ‘वित्तीय दडपशाहीचा काळ’ म्हणून हिणवतात, त्या काळाने हे करून दाखवले. आणि ज्या काळाला ते उदारीकरणाचा सुवर्णकाळ म्हणतात, त्याने सत्तावीस वर्षांत दोन टक्के दिले.

१९९० साली तो चारास एकचा नियम रद्द झाला. १९९१ च्या नरसिंहम समितीने बँकांना नफ्याकडे पाहायला सांगितले. पुढच्या दीड दशकात ग्रामीण शाखांची संख्या वाढण्याऐवजी घटली. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००३ साली देशातल्या ८.९३ कोटी शेतकरी कुटुंबांची स्थिती नोंदवली: त्यातल्या फक्त २७ टक्के कुटुंबांना संस्थांकडून कर्ज मिळत होते आणि ५१ टक्क्यांवर कुटुंबांना कोणाकडूनच मिळत नव्हते. त्या वर्षांत विदर्भात आणि मराठवाड्यात शेतकरी आत्महत्यांचे काय सत्र चालले होते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. त्याच वर्षांत कर्जाचे जीडीपीशी प्रमाण मात्र झेपावत होते. एकाच देशाचे हे दोन आलेख एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जात असताना कोणा अर्थमंत्र्याने, कोणा गव्हर्नराने ते शेजारी शेजारी ठेवून संसदेला दाखवले काय? नाही. कारण एक आलेख परदेशी गुंतवणूकदारांना दाखवायचा होता आणि दुसरा तलाठ्याच्या दप्तरात पंचनाम्यांच्या रूपाने साचत होता.

पुढे शेतीकर्जाचा आकडा वाढवायचे फर्मान निघाले, तेव्हा आकडा वाढवलाही गेला. कसा, ते ऐका. बँकांनी कर्जाचा १८ टक्के हिस्सा शेतीला द्यावा असा दंडक आहे. शेतीची व्याख्याच इतकी ताणली गेली की, गोदाम, शीतगृह, प्रक्रिया उद्योग असे काय काय त्या छत्राखाली आले. माहिती अधिकारात रिझर्व्ह बँकेने दिलेल्या माहितीनुसार २०१६ साली सरकारी बँकांनी ५८,५६१ कोटी रुपयांचे ‘शेतीकर्ज’ दिले ते फक्त ६१५ खात्यांना! सरासरी काढा: खात्यामागे ९५ कोटी. हा कोणता शेतकरी? याच्या शेतात कोणते पीक येते? दीड एकरावर कापूस लावणाऱ्याला ‘सिबिल’ चांगला नाही म्हणून दारातून परत पाठवणारा बँक अधिकारी या ६१५ जणांसाठी उभा राहून चहा मागवतो, आणि वर्षअखेरीला दोघांचा हिशेब एकाच रकान्यात मांडला जातो.

तेही जमले नाही तर आणखी सोपी वाट आहे. २०१६ पासून प्राधान्य क्षेत्राच्या कर्जाची प्रमाणपत्रे बाजारात विकत मिळतात. एका बँकेने खेड्यात कर्ज द्यायचे, दुसऱ्या बँकेने त्याचे प्रमाणपत्र विकत घ्यायचे आणि आपलेही उद्दिष्ट पुरे झाले म्हणून जाहीर करायचे. शेतकऱ्याच्या दारात एकही पाऊल न टाकता शेतीची सेवा केल्याचा दाखला! ज्यांनी ही व्यवस्था उभारली, त्यांनी राष्ट्रीयीकरणाच्या हेतूवरच कुऱ्हाड घातली आहे.

आणि गावातल्या सोसायटीत काय चालते? मार्च महिना आला की ‘नवे-जुने’ सुरू होते. गेल्या वर्षीचे पीककर्ज फेडल्याखेरीज व्याजसवलत मिळत नाही आणि नवे कर्जही मिळत नाही. हातात पैसा नसलेला शेतकरी मग चार-आठ दिवसांसाठी सावकाराकडून किंवा अडत्याकडून जबर व्याजाने रक्कम उचलतो, सोसायटीत भरतो, नवे कर्ज उचलतो आणि सावकाराचे देणे भागवतो. त्याच्या हातात नवा पैसा येत नाही, आला तर व्याजापायी कमीच येतो. बँकेच्या वहीत मात्र शंभर टक्के वसुली आणि नवे वाटप अशा दोन चकचकीत नोंदी पडतात. सावकाराच्या पैशावर उभी राहिलेली ही वसुली संस्थात्मक पतपुरवठ्याचे यश म्हणून मोजली जाते! हे सहकार खात्याला माहीत नाही? गटसचिवाला माहीत नाही? जिल्हा बँकेच्या संचालकाला माहीत नाही? सगळ्यांना माहीत आहे. आकडा बरा दिसतो म्हणून सगळे गप्प आहेत.

महाराष्ट्राची गोष्ट तर अधिक संतापजनक आहे. देशातल्या बँककर्जाचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या महाराष्ट्राच्या नावावर लागतो, म्हणून हे राज्य वित्तीय खोलीत सर्वांत पुढे. पण त्यातला अवाढव्य भाग मुंबईतल्या मुख्य कार्यालयांत मंजूर होतो. कर्ज जिथे मंजूर झाले ते ठिकाण वेगळे आणि जिथे वापरले गेले ते वेगळे, हे रिझर्व्ह बँक स्वतः दोन निराळ्या तक्त्यांत नोंदवते. भाषणात मात्र सोयीचा तक्ता येतो. धरणाच्या भिंतीपाशी पट्टी बुडवून साऱ्या खोऱ्यात पाणी मुबलक आहे असे जाहीर करावे, तसा हा प्रकार आहे. नंदुरबार, गडचिरोली, हिंगोलीच्या माणसाला बँकेतून किती कर्ज मिळाले, हे नरिमन पॉइंटच्या आकड्यात बुडवून टाकण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला?

पोहोच मोजतो असे सांगून आणलेल्या जनधन योजनेचेही आम्हाला सांगायचे आहे. २८ ऑगस्ट २०१४ रोजी ती सुरू झाली, नऊ वर्षांत पन्नास कोटी खाती झाली. खाते उघडणे ही चांगलीच गोष्ट आहे. अनुदान थेट खात्यात येऊ लागले, मधले हात काही प्रमाणात कमी झाले, हे खरे. पण शून्य शिल्लक असलेली खाती किती, हा प्रश्न जड जाऊ लागला तेव्हा काय झाले? २०१६ साली वृत्तपत्रांनी उघडकीस आणले की, एक कोटीहून अधिक खात्यांत फक्त एक रुपया शिल्लक आहे आणि तो रुपया बऱ्याच ठिकाणी बँकेच्या कर्मचाऱ्यांनीच वरून दट्ट्या आला म्हणून भरला होता. एका रुपयात आकडा सुधारला! जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीत भारतातल्या ७८ टक्के प्रौढांकडे खाते होते. पण खातेधारकांपैकी ३५ टक्क्यांनी वर्षभरात त्या खात्याला हात लावला नव्हता. जगात याहून मोठे प्रमाण कुठेही नव्हते. ज्या बाईच्या नावावर खाते आहे तिला अडीनडीला त्या बँकेतून पाच हजार रुपये मिळतात का, की ती आजही आठवड्याच्या हप्त्यावर मायक्रोफायनान्सवाल्याच्या दारात उभी असते? ते कोण मोजणार?

ठेवीदाराची गत याहून निराळी नाही. खोल वित्तव्यवस्था म्हणजे जीत माणूस निर्धास्तपणे पैसा ठेवतो ती. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा संसदेला जाग आली आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. १९९३ साली या विम्याची मर्यादा एक लाख झाली आणि पुढची सत्तावीस वर्षे तिथेच गोठून राहिली. महागाई वाढली, ठेवी वाढल्या, कर्जाचे जीडीपीशी प्रमाण दुप्पट झाले. सामान्य माणसाच्या ठेवीवरचे संरक्षण एक पैसाही वाढले नाही. ते वाढायला २३ सप्टेंबर २०१९ उजाडावा लागला. त्या दिवशी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना सांगण्यात आले की, सहा महिन्यांत एक हजार रुपयांपेक्षा जास्त काढता येणार नाहीत. नऊ लाखांवर ठेवीदार होते ते! त्या बँकेने ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिले होते आणि ते झाकण्यासाठी २१ हजारांवर बनावट खाती उभी केली होती. विचार करा: ज्या दिवसापर्यंत ते उघडकीला आले नव्हते, त्या दिवसापर्यंत ती २१ हजार बनावट खाती छोट्या कर्जदारांची म्हणून कागदोपत्री मिरवत होती. लेखापरीक्षक सही करत होते, रिझर्व्ह बँक तपासत होती. फेब्रुवारी २०२० मध्ये विम्याची मर्यादा पाच लाख झाली, ती लोक रस्त्यावर उतरल्यानंतर. मोठ्या ठेवीदारांचे पैसे दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळतील अशी योजना पुढे ठरली. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षे थांब म्हणून सांगणारी ही व्यवस्था खोल आहे? पुण्याच्या रूपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले आणि २०२२ साली तिचा परवानाच रद्द झाला. त्या नऊ वर्षांत किती ठेवीदार पासबुक उशाशी ठेवून गेले, याची नोंद कोणत्याही निर्देशांकात नाही.

आणि मोठ्या कर्जदारांचे? २०१८ च्या मार्चमध्ये बँकांच्या थकीत कर्जाचे प्रमाण ११ टक्क्यांच्या वर गेले होते. पुढे ते तीन टक्क्यांखाली आले म्हणून ढोल वाजले. त्यातले वसुलीने किती आले आणि वहीतून पुसून किती? सरकारने संसदेत दिलेला आकडा आहे: २०१४-१५ ते २०२२-२३ या नऊ वर्षांत बँकांनी १४.५६ लाख कोटींची कर्जे निर्लेखित केली, त्यातली ७.४० लाख कोटींची मोठ्या उद्योगांची आणि सेवाक्षेत्राची. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, असे सरकार बजावते. मग वसुली किती झाली? त्याच उत्तरात तो आकडाही आहे: सुमारे दोन लाख कोटी. शेतकऱ्याच्या दोन लाखांच्या माफीवर ‘पतसंस्कृती बुडाली’ म्हणून आक्रोश करणाऱ्या एकाही अर्थपंडिताने या वसूल न झालेल्या बारा लाख कोटींवर अशी छाती बडवलेली आम्ही पाहिली नाही.

शेअर बाजाराच्या खोलीविषयी थोडक्यात. डिमॅट खाती कोट्यवधींनी वाढली, उलाढाल फुगली, तरुण मोबाइलवर ऑप्शनचे सौदे करू लागले. सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक सौदेकऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकत्रित तोटा १.८ लाख कोटींच्या वर. त्याच सुमारास, २०२२-२३ मध्ये, घरोघरची निव्वळ वित्तीय बचत जीडीपीच्या तुलनेत जवळपास पाच दशकांच्या नीचांकावर आली होती. घरांची बचत आटते आहे, पोरे जुगारात बुडत आहेत, आणि बाजारमूल्य जीडीपीच्या वर गेले म्हणून पेढे वाटायचे?

काही जण म्हणतील, भारताला कर्ज कमी नव्हे तर जास्त हवे. चीनकडे पाहा, तिथे हे प्रमाण आपल्या तिप्पट आहे. आम्हीही म्हणतो की जास्त हवे. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला हवे, सांगलीच्या बेदाणा उत्पादकाला हवे, धारावीतल्या चर्मोद्योगाला हवे, बचत गटाच्या बाईला हवे. पण तिप्पट कर्ज जर त्याच ६१५ खात्यांच्या दिशेने वाहणार असेल, तर ते वाढूच नये. चीनचे प्रमाण मिरवणाऱ्यांनी तिथल्या बांधकाम कंपन्या कर्जाखाली कशा चिरडल्या, तेही लोकांना सांगावे.

आमची मागणी स्पष्ट आहे. सावकाराचा हिस्सा मोजणारी पाहणी आज साधारण दहा वर्षांतून एकदा होते आणि शेअर निर्देशांक दर सेकंदाला मोजला जातो. ही लाज आहे. ती पाहणी दर दोन वर्षांनी करा आणि जिल्हावार निष्कर्ष द्या. कर्ज कुठे मंजूर झाले ते नको, कुठे वापरले गेले ते सांगा. दोन लाखांखालची कर्जे किती, किती निराळ्या माणसांना, किती बायकांना, त्यातली किती ‘नवे-जुने’ करून फिरवलेली, हे वेगळे दाखवा. शेतीकर्जातून २५ कोटींवरची खाती बाहेर काढा. विकत घेतलेली प्रमाणपत्रे प्रत्यक्ष कर्जात मिळवू नका. निर्लेखन आणि वसुली एकाच ओळीत छापा, म्हणजे संसदेत कोणाला फिरवाफिरव करता येणार नाही. बँक बुडाल्यावर ठेवीदाराला पैसे मिळायला किती दिवस लागले, हा आकडा रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर यावा.

महाराष्ट्रात राज्यस्तरीय बँकर्स समिती दर वर्षी लाखो कोटींचा पतआराखडा मुख्यमंत्र्यांच्या हस्ते प्रसिद्ध करते. येत्या खरिपाच्या बैठकीत त्या आराखड्याबरोबर गेल्या वर्षीचा तालुकावार हिशेब ठेवा: किती अर्ज आले, किती नाकारले, का नाकारले, आणि नाकारलेला माणूस पुढे कोणाकडे गेला. हा तक्ता मराठीत छापून प्रत्येक सोसायटीच्या आणि बँक शाखेच्या फळ्यावर लावा. मुख्यमंत्री, सहकारमंत्री आणि रिझर्व्ह बँकेचे विभागीय संचालक त्या बैठकीला असतातच. हिशेब त्यांनी द्यायचा आहे, आणि तो पेरणीपूर्वी द्यायचा आहे.